डावीकडं लवते, उजवीकडं ताठ राहते: मारवाडी घोडीचा तोल आणि लवचिकपणा कसा वाढवावा?

कळंब्याचा_स्वार

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात कळंब्याच्या पुढं आमचं शेत आहे. गेल्या दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेतून मारवाडी घोडी आणली. नाव मैना, रंग कुमेद, वय सात, उंची 59 इंच. स्वभाव इतका गोड की पुतणी तिच्या पोटाखालनं जाते तरी पाय हलवत नाही. आधीच्या मालकाकडं ती वरातीत नाचायची. मला तिला नाचवायचं नाही. तिच्यावर बसून निवांत फिरायचंय, पावसाळा उतरला की पन्हाळ्याच्या बाजूला एखादी लांब रपेट मारायचीय, आणि पुढं पुतणीला तिच्यावरच शिकवायचंय.

अडचण अशी आहे. डाव्या हाताला गोल फिरवायला घेतली की मान लगेच वळते, तोंड पार माझ्या गुडघ्यापाशी येतं, पण घोडी काही वळत नाही. तशीच उजवीकडं सरकत जाते. उजव्या हाताला घेतली की तोंड बाहेर ठेवून आतल्या बाजूला कलते आणि उजव्या लगामावर एवढं वजन टाकते की माझा दंड भरून येतो. उतारावर ठेचकाळते. दुडकी मागितली की रेवाल (एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ एकत्र टाकायची चाल) धरते आणि मान आभाळाला लावते.

माझं वजन 72 किलो, खोगीर साधं इंग्लिश. घरामागं 40 बाय 25 मीटरचा सपाट तुकडा मोकळा आहे, तांबडी माती. तिला दोन्हीकडं सारखं वळता यावं, तोल सुधारावा म्हणून रोज काय घ्यावं? लाँजिंग, म्हणजे लांब दोरीवर गोल फिरवणं, किती करावं? जाणकारांनी जरा सविस्तर सांगा.

शर्यतप्रेमी_कागल

भावा, घोडी गुणी दिसती. आमच्याकडं असलं मान वर करणारं जनावर आलं की मार्टिंगेल (मान वर जाऊ न देणारा पट्टा) घालून मान खाली घेतात, बिट (लगामाची तोंडातली कडी) जरा कडक घालतात आणि जी बाजू आखडली आहे त्या बाजूला रोज अर्धा तास दोरीवर पळवतात. पंधरा दिवसांत सैल पडतंय. घाबरू नको, सात वर्षं म्हणजे घोडी अजून तरणी आहे.

माळावरची_पागा

कळंब्याचे दादा, वरातीतनं सुटलेल्या घोडीला कुणी नीट व्यायाम शिकवायचं मनावर घेतंय हे वाचून फार बरं वाटलं. मी पाचगावच्या बाजूला माळावर मुलांना घोडेस्वारी शिकवते आणि लोकांची घोडी तयार करून देते. वडील फौजेत रिमाउंटला, म्हणजे लष्कराची घोडी तयार करणाऱ्या खात्यात होते, सहारनपूरला. मला जे येतं ते त्यांच्या हाताखाली शिकलेलं आहे.

आधी मार्टिंगेलचं. कागलच्या दादांनी आपुलकीनं सांगितलंय, पण मैनेची मान बांधू नका. वरातीत घोडीच्या कानाशी ढोल-ताशा, तोंडात बहुतेकदा काट्यांचा लगाम, तो लगाम आवळून धरलेला आणि मागनं टाच. पुढं जायला वाव नाही, थांबायला मुभा नाही. मग ती जागच्या जागी पाय आपटते आणि लोक म्हणतात काय सुंदर नाचते. वर्षानुवर्षं हे सोसलेली घोडी मान वर करते, पाठ खोल करते, ती आपलं तोंड वाचवायला. काट्यांच्या लगामाला आपल्या देशात 1965 च्या नियमांपासून बंदी आहे, तरी तो अजून विकला जातो, याचा मला आजही संताप येतो. अशा घोडीची मान दोरानं खाली आणली तर ती दोराला रेटत राहते. मानेच्या खालच्या बाजूचे स्नायू आणखी फुगतात आणि पाठ खोलच राहते. बघणाऱ्याला वाटतं सुधारली.

आता तिच्या दोषाकडं या. तुम्ही डावीकडचं वेगळं आणि उजवीकडचं वेगळं लिहिलंय, पण दोन्हींचं मूळ एकच आहे. प्रत्येक घोडं जन्मतः थोडं वाकडं असतं. मैनेची डावी कूस आखूड आहे. त्यामुळं मान डावीकडं सहज येते, कंबरही ती डावीकडंच ठेवते आणि वजन सगळं उजव्या खांद्यावर जातं. डाव्या गोलावर ती त्या खांद्यावरनं बाहेर निसटते, उजव्या गोलावर त्याच खांद्यावर आत कोसळते. उजवा लगाम जड लागतो म्हणून आपल्याला वाटतं तोंड उजवीकडं कडक आहे, आणि आपण ओढत बसतो. खरं म्हणजे ती डावा लगाम धरायलाच तयार नाही. काम तिथं करायचं आहे, आणि त्याहून जास्त मागच्या पायांत.

घोड्याला माणसासारखं हासळीचं हाड नसतं. पुढच्या दोन पायांच्या मधे त्याचं धड स्नायूंच्या झोळीत टांगलेलं असतं. नुसतं उभं असतानाच साठ टक्क्यांच्या आसपास वजन पुढच्या पायांवर असतं, वर आपण बसलो की त्यात भर. उतारावर ठेचकाळते ती त्यामुळं. तोल सुधारणं म्हणजे मागचे पाय पोटाखाली आणून तिला थोडं वजन मागं घ्यायला शिकवणं. मान कितीही वाकवा, ते होत नाही.

उद्या सकाळी एक करा. तुकड्याच्या मधोमध खुंटी ठोका, 10 मीटरची दोरी बांधा आणि दोरीच्या टोकानं चुन्याची फक्की टाकत गोल आखा. तुमच्या 25 मीटर रुंदीत 20 मीटरचा गोल आरामात बसतो. रेषेच्या दोन्ही बाजूंची माती दाताळ्यानं सारखी करा, थोडं पाणी शिंपडा. मग मैनेला चालीत, लगाम हलका ठेवून, उजव्या हाताला एकच फेरी काढा, उतरा आणि ठसे बघत चालत जा. पुढच्या खुराचा ठसा गोलसर असतो, मागचा जरा अरुंद आणि टोकाकडं निमुळता, त्यामुळं गल्लत होत नाही. माझा अंदाज असा की मागच्या डाव्या पायाचा ठसा पुढच्या डाव्याच्या मागोमाग न पडता गोलाच्या बाहेर पडलेला दिसेल. उजव्या पुढच्या ठशाची बाहेरची कड आणि आतली कड तुलना करून बघा, एका कडेला माती जास्त दबलेली असेल. ठशाच्या पुढं नखानं कोरल्यासारखी चीर असेल तर पाय उचलायचा आळस आहे. फोटो काढून ठेवा. माती परत सारखी करून डाव्या हाताला हेच करा. मी कुठलंही नवं घोडं आलं की पहिल्या दिवशी हे करते, कारण खोगिरावर बसून आपल्याला फक्त मान दिसते.

पहिले दोन-तीन आठवडे काम चालीतच करा, दुडकी थोडी. गोलावर चार ठिकाणी समान अंतरावर रंगाचे रिकामे डबे ठेवा. पूर्ण गोलाचा विचार सोडा, या डब्यापासून त्या डब्यापर्यंत एवढंच बघा. डावीकडं जाताना उजवा लगाम सोडू नका. खांदा बाहेर पळतो तो या लगामानं आणि तंगाच्या (खोगिराच्या पोटपट्ट्याच्या) किंचित मागं लावलेल्या उजव्या पायानं थोपवायचा. मान तुम्हाला हवी वाटते त्यापेक्षा सरळ ठेवा, तिच्या डाव्या पापणीचे केस दिसले की पुरे. उजवीकडं जाताना तुमचा उजवा पाय तंगापाशी. ती आत कलायला लागली की लगाम ओढायचा मोह होईल, तो आवरा. पायानं बरगडीला विचारा, "सरक जरा." ज्या क्षणी ती डावीकडं सरकून डाव्या लगामाला तोंड लावेल त्या क्षणी उजवा हात दोन-तीन ढांगा पुढं देऊन लगाम सैल सोडा. हात सोडल्यावरही वळण टिकलं तर ते खरं वळण. लगेच बिघडलं तर घोडी तोवर तुमच्या हातावर टेकलेली होती.

एक बाजू जड आहे म्हणून सगळा वेळ त्याच बाजूला घालवू नका. थोडं सोप्या बाजूला, थोडं अवघड बाजूला, परत सोप्या. दर काही मिनिटांनी लगाम लांब सोडून तिला मान खाली, पुढं ताणू द्या. मान अशी आपणहून खाली गेली की पाठ वर येते. पहिल्यांदा ती नाक पुढं करून फुरफुरेल ना, त्या दिवशी तिथंच थांबा.

लाँजिंगबद्दल: अर्धा तास एकाच बाजूला पळवणं सांध्यांवर जुलूम आहे. छोट्या गोलावर आतल्या पायांवर भार येतो. दोरी लांब ठेवा, गोल मोठा ठेवा, दोन्ही बाजू मिळून दहा-बारा मिनिटं, तेही चाल आणि दुडकीत. तोंडाला काही बांधायचं नाही.

कळंब्याचा_स्वार

ताई, सकाळी चुना टाकून बघितलं. उजव्या हाताच्या फेरीत मागचा डावा पाय गोलाच्या बाहेर, वीतभर नाही पण चार बोटं तरी नक्की. डाव्या फेरीत कंबर आत. मी इतके दिवस तिच्या तोंडाकडंच बघत होतो. फोटो जोडतोय.

दोन शंका. सरळ रेषेवर काही घेता येईल का, की नुसता गोलच? आणि रेवालचं काय करायचं? आमच्या भागात लोक म्हणतात मारवाडीची रेवाल म्हणजे लक्ष्मी, ती मोडू नये.

जनावरांचा_डॉक्टर

मी जिल्ह्यात पशुवैद्यकीय व्यवसाय करतो, शिक्षण शिरवळला झालं. ताईंनी सांगितलेलं काम सुरू ठेवा, पण त्याआधी दुखणं नाही ना याची खात्री करून घ्या. एका बाजूला न वळणारी घोडी पुष्कळदा दुखतंय म्हणून वळत नाही.

दातांपासून सुरुवात करा. घोड्याचे दात आयुष्यभर वर येत राहतात. वरच्या दाढांच्या गालाकडच्या कडा आणि खालच्यांच्या जिभेकडच्या कडा धारदार होतात, गाल कापतात. तुमच्या डॉक्टरांकडून तोंड उघडून, बॅटरी मारून नीट तपासून घ्या. दाढांच्या पुढं बारीक सुळ्यासारखा दात असेल तर बिट त्यावर आपटतं. काट्यांचा लगाम वापरलेल्या घोडीत जिभेवर आणि खालच्या हिरडीवर जुने वण सापडतात, तेही बघायला सांगा.

मग पाठ. मणक्याच्या दोन्ही बाजूंनी, मणक्यापासून चार बोटं सोडून, बोटांनी सारखा दाब देत मागं जा. एखाद्या जागी ती पाठ झपकन खाली घालत असेल किंवा कान मागं टाकत असेल तर ती जागा लक्षात ठेवा. काम झाल्यावर खोगीर काढलं की घामाचा ठसा बघा. सगळीकडं घाम आणि मधेच एक कोरडा ठिपका असेल तर तिथं खोगीर रुततंय.

पाय. कडक जमिनीवर कुणाला तरी तिला सरळ दुडकीत पळवायला लावा आणि समोरून बघा. पुढचा दुखरा पाय टेकताना डोकं वर उडतं. नाल पाच-सहा आठवड्यांनी बदलता का? खुराची बोटं लांब वाढली की ठेचकाळणं ठरलेलं, त्याला कुठलाही व्यायाम पुरा पडत नाही. आपल्या पावसात तबेल्याची जमीन ओली राहिली की खुराच्या खालच्या मऊ भागाला कूज लागते, काळा वास येणारा द्राव दिसतो. तेही आत्ताच बघून घ्या.

वजनाचं म्हणाल तर स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या भागाच्या आत असावं, तुमचं गणित बसतंय.

खोगिराशिवाय करायचा एक व्यायाम सांगतो. गाजराचा तुकडा दाखवत तिचं तोंड आधी छातीपाशी आणा, मग पुढच्या गुडघ्यांच्या मधे, मग डाव्या तंगापाशी, उजव्या तंगापाशी, जमलं तर कुशीपर्यंत. प्रत्येक ठिकाणी चार-पाच सेकंद. पाय हलवू द्यायचे नाहीत, झटका नको. काही महिने नेमानं केलं तर मणक्याला लगटून असणारे खोल स्नायू खरोखर वाढतात, हे तपासून पाहिलेलं आहे. गूळ देत असाल तर बेताचा, गाजर बरं.

माळावरची_पागा

डॉक्टरांनी लाख मोलाचं लिहिलंय. दादा, ते आधी उरका.

चार बोटं म्हणालात ते फोटोत स्पष्ट दिसतंय. आता सरळ रेषा. 40 मीटरच्या लांब बाजूला कुंपणापासून दोन-तीन मीटर आत, मधल्या अंगानं चालवा. कुंपणाला चिकटून प्रत्येक घोडं सरळ दिसतं, मोकळ्यात ठेवल्यावर खरं कळतं. तिथं लेग-यील्ड, म्हणजे पायाच्या दाबानं बाजूला सरकवणं, सुरू करा. घोडी सरळ, तोंड किंचित ज्या पायानं ढकलताय त्याच्याकडं, आणि ती पाय ओलांडत कुंपणाकडं सरकायला हवी. मैनेसाठी उजव्या पायानं डावीकडं सरकवणं जास्त मोलाचं, कारण उजव्या खांद्यावरचं वजन तिकडनं उचललं जातं. तीन-चार पावलं ओलांडली की सरळ पुढं सोडा. सरकताना खांदा आधी पळाला आणि कंबर मागं राहिली तर तिरकं चालणं झालं, फायदा शून्य. त्याआधी एक-दोन दिवस जमिनीवर उभं राहून, हाताच्या बोटांनी तंगामागं दाब देऊन तिला मागचा पाय ओलांडायला शिकवा, म्हणजे वर बसल्यावर ती गोंधळत नाही.

हे जमलं की गोल आकुंचित करायचा. चालीत 20 मीटरवरून हळूहळू 12 पर्यंत आत या आणि आतल्या पायानं परत बाहेर ढकला. आत येणं कुठल्याही घोड्याला जमतं, बाहेर जाताना वळण टिकवणं हा खरा व्यायाम. मग तुकड्याच्या लांबीवर तीन लाटांचा नागमोडी रस्ता. दर वेळी मधली रेषा ओलांडताना दोन पावलं अगदी सरळ, मगच नवीन बाजूचं वळण. ती दोन पावलं गाळली की घोडी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर आदळते.

चालींमधले बदल मला सगळ्यांत आवडतात. चाल, दुडकी, चाल, थांबा, परत चाल. दुडकीच्या आठ-दहा ढांगा झाल्या की चाल मागायची. पण मागायची पाठीनं आणि श्वासानं. लगाम फक्त मूठ मिटण्याएवढा. पाठ ताठ न करता चालीत आली की गळ्यावर हात फिरवा. असे बदल नीट झाले की मागचे पाय आपोआप खाली येतात, आणि जागा नसलेल्या माणसालाही ते शेताच्या वाटेवर घेता येतात.

रेवाल. रेवाल मोडा असं मी म्हणणार नाही, लांबच्या वाटेला ती चाल स्वाराला सुखाची आहे आणि जातीची शान आहे. पण रेवालीत एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ एकत्र पडतात आणि पाठ आवळलेली राहते. लवचिकपणा यायचा तर पाय तिरक्या जोडीनं पडणारी दुडकी हवीच. आणि तिची साधी चालही तपासा. बाजूनं व्हिडिओ काढा. टापांचे चार वेगळे ठोके ऐकू यायला हवेत, आणि मागचा पाय पुढं येताना त्याच बाजूचा पुढचा पाय उचलायच्या क्षणी दोन पायांचा इंग्रजी व्ही दिसायला हवा. दोन्ही पाय समांतर हलले तर चाल बिघडलेली आहे, मग घाई पूर्ण बंद.

दुडकी परत मिळवायला जमिनीवर वासे ठेवा. निलगिरीचे, मनगटाएवढे जाड, तीन मीटर लांब. प्लास्टिकचे पाईप नकोत, खूर पडला की पायाखाली फिरतात. पहिल्या दिवशी एकच वासा, चालीत, लगाम लांब, तिला खाली वाकून हुंगू द्या. मग तीन. मैनेच्या उंचीला चालीसाठी 80 ते 85 सेंटिमीटर अंतर धरा, दुडकीसाठी सव्वा मीटरच्या जवळपास. तिचं पाऊल मधोमध पडत नसेल तर वासे हलवा, घोडीला ढकलू नका. वाशांवर रेवाल टिकत नाही, पाय सोडवून उचलावे लागतात आणि दुडकी हाताला लागते. वाशांनंतरच्या पाच-सहा ढांगा सोन्याच्या, त्यात काही मागू नका, फक्त तिच्याबरोबर जा. तुम्ही रायझिंग (दुडकीच्या ठोक्याबरोबर खोगिरावर उठ-बस) करत असाल तर दर बाजूला पाय बदलता का बघा. बाहेरचा खांदा पुढं जाताना उठायचं. कायम एकाच जोडीवर बसणारा स्वार घोडं आणखी वाकडं करतो. पुढं एकाआड एक टोक विटेवर ठेवून 15 सेंटिमीटर उचलता येईल, पण आत्ता नको.

शोल्डर-इन मी मुद्दाम शेवटी ठेवलं. अठराव्या शतकात फ्रान्सच्या ला गेरिनिएरनं ते घडवलं ते घोड्याचे खांदे मोकळे करायला आणि मागचा पाय पोटाखाली आणायला, आणि आजही व्हिएन्नाच्या घोडेस्वारीच्या शाळेत ते रोजच्या कामात आहे. कुंपणाच्या बाजूनं जाताना पुढचे पाय आत, मागचे पाय वाटेवरच, समोरून बघणाऱ्याला पायांच्या तीन ओळी दिसाव्यात. लेग-यील्ड आणि 12 मीटरचा गोल दोन्ही बाजूंना शांतपणे यायला लागला की मगच. 2023 ला हांगझोऊच्या एशियाडमध्ये सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंह, हृदय छेडा आणि अनुष अगरवाला यांनी ड्रेसाजचं (घोड्याच्या शिस्तबद्ध हालचालींच्या स्पर्धेचं) सांघिक सुवर्ण आणलं, तेव्हा माझी मुलं मोबाईलला चिकटून होती. त्यांना मी हेच दाखवलं, त्या अवघड हालचालींच्या खाली गोल, बदल आणि खांद्यावरचा ताबा आहे. आपल्या कळंब्याच्या तुकड्यात तेच काम होऊ शकतं, मनापासून सांगते.

रोज पस्तीस-चाळीस मिनिटं पुरे, त्यातली पहिली दहा-पंधरा लांब लगामावर चाल. आठवड्यातून दोन दिवस नुसतं बाहेर फिरवा, एक दिवस सुट्टी. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत आटपा.

पन्हाळा_वाट

उतारावर ठेचकाळण्याबद्दल लिहितो, कारण मी पन्हाळ्याच्या बाजूलाच राहतो आणि रोज चढ-उतार करतो. मैनेला एकदम घाटात आणू नका. आधी शेताच्या बांधावर, गुडघ्याएवढ्या उंचवट्यावर चालीत चढ-उतार करा. चढताना पुढं झुकून आयाळ धरा, तिची पाठ मोकळी ठेवा. उतरताना सरळ बसा आणि लगाम द्या, तिला मानेनं तोल सांभाळू द्या. मधेच थांबा, दोन श्वास, परत चाला. उतारावर थांबायचं म्हणजे मागचे पाय आत घ्यावेच लागतात, वेगळं सांगावं लागत नाही. तीव्र उतार असेल तर नाकासमोर सरळ उतरा, तिरकं नेलं की मागचे पाय घसरतात.

पन्हाळ्याचा डांबरी रस्ता मात्र टाळा. नालाला डांबरावर पकड नसते, पावसात तर अजिबात नाही. कडेच्या मुरमावरून चला. आणि कोल्हापुरातनं वीस किलोमीटरच्या आसपास अंतर आहे, पहिल्याच दिवशी जाऊन-येऊन करायचा विचार करू नका. आलात तर घोडीला पाणी आणि सावली माझ्याकडं आहे.

शर्यतप्रेमी_कागल

ताई, वाचून पटलं. आमच्याकडं एक घोडं असंच उजवीकडं कलतंय, तांबडी माती नाही पण ओढ्याकाठची मळई आहे, तिच्यात उद्या ठसे बघतो.

कळंब्याचा_स्वार

महिना-सव्वा महिना झाला, म्हणून परत लिहितोय. दात घासून घेतले, डॉक्टर म्हणाले तसं खालच्या हिरडीवर जुने वण निघाले. ते बघून घरात सगळ्यांनाच वाईट वाटलं. नालबंदानं पुढच्या खुरांची बोटं बरीच मागं घेतली, ठेचकाळणं तिथंच निम्म्यानं कमी झालं. साधं सांध्याचं गुळगुळीत बिट घातलंय.

डाव्या गोलावर खांदा आता बाहेर जात नाही. उजवीकडं चालीत मागचा पाय रेषेवर पडतो, दुडकीत अजून बाहेर जातो. तीन वाशांवर दुडकी मिळते, नंतर दहा-बारा ढांगा टिकते, मग रेवाल. मान खाली घालून फुरफुरते, ताई, अगदी तुम्ही लिहिलं होतं तसं.

आता अडलंय ते कँटरला, म्हणजे दुडकीच्या वरच्या तीन ठोक्यांच्या चालीला. डावीकडं लगेच धरते. उजवीकडं दर वेळी डावा पायच पुढं टाकते, आणि मग सगळा गोल विस्कटतो.

माळावरची_पागा

वण वाचून पोटात तुटलं. पण बोटं मागं घेतल्यावर फरक पडला हे फार चांगलं झालं, नालबंद धरून ठेवा तो.

उजवा कँटर अडणारच. उजव्या कँटरची पहिली ढांग मागच्या डाव्या पायानं सुरू होते, आणि तोच पाय ती बाहेर टाकते. म्हणून गोलावर कँटर मागणं आत्ता बंद करा. दुडकीत उजव्या हाताला 20 वरनं 15 मीटरवर या, उजव्या पायानं परत 20 वर ढकला, हे दोन-तीन वेळा. बाहेर जाताना डावा लगाम हातात भरलेला लागला पाहिजे. तो भरला की समजायचं मागचा डावा पाय आत आलाय. लगाम रिकामाच राहिला तर त्या दिवशी कँटर नाही.

लगाम भरलेला असेल तर बांधाकडं जिथं जमीन किंचित चढती आहे आणि वाट उजवीकडं वळते तिथं जा. डावा पाय तंगाच्या मागं, उजवा तंगापाशी, तुमचं उजवं सीटचं हाड पुढं, नजर वर. खाली वाकून कुठला पाय पडला ते बघू नका, बघायला वाकलात की तुमचं वजन तिच्या उजव्या खांद्यावर गेलंच. जमिनीवर पुतणीला उभं करा, तिला सांगू द्या. चुकीचा पाय धरला तर रागावू नका, दुडकीत आणा, गोल पूर्ण करा, परत विचारा. दोन-तीनदा विचारून नाही आला तर चालीवर या आणि दुसरं काहीतरी सोपं घेऊन काम संपवा. आठवड्यातून दोन दिवसांपेक्षा जास्त हे काढू नका. आणि ज्या दिवशी बरोबर धरेल त्या दिवशी दहा ढांगांत चालीवर या, तिथंच उतरा, तंग ढिला करा आणि तिला हातानं चालवत तबेल्यात न्या.